ऑनलाइन कथालेखन वर्गासाठी चौदा हजार रुपये मोजावेत का?

निळी शाई (बार्शी)

नमस्कार. मी एका बँकेच्या शाखेत अठरा वर्षांपासून काउंटरवर काम करते आणि गेली सहा वर्षे, बहुतेक करून रविवारी दुपारी, कथा लिहिते. आतापर्यंत दोन कथा जिल्ह्यातील दिवाळी अंकांत छापून आल्या, तीन साभार परत आल्या आणि आणखी दोन पाठवल्या होत्या, त्यांचे पुढे काय झाले ते कळलेच नाही. परत आलेल्या कथांसोबत ‘आमच्या अंकाच्या स्वरूपात बसत नाही’ एवढेच वाक्य होते. कथा नेमकी कुठे फसली, हे कुणी सांगितले नाही आणि सांगू शकेल असा माणूस माझ्या ओळखीतही नाही. घरचे आणि शाखेतले सहकारी वाचतात. त्यांना सगळेच आवडते.

गेल्या वर्षी एका संकेतस्थळावरून एका नामवंत लेखकाचा आधीच चित्रित केलेला अभ्यासक्रम मी विकत घेतला होता. त्याचे अडतीस भाग होते. पोळ्या लाटताना फोन ओट्यावर ठेवून ते मी पंधरा दिवसांत ऐकून संपवले, मध्येच हात धुऊन टिपणे काढली, एक दोनशे पानी वही जवळजवळ भरली, आणि त्यानंतर तीन महिने कथेची एक ओळही लिहिली नाही. कीर्तन ऐकून घरी परतताना मन जसे निवलेले असते तसे झाले होते. लिहिण्याची खुमखुमी त्या निवण्यातच विरली असावी.

आता एका संस्थेच्या प्रत्यक्ष ऑनलाइन वर्गाची जाहिरात आली आहे. आठ रविवार, दर रविवारी दोन तास, मराठीतून. शिकवायला एक पुरस्कारप्राप्त कादंबरीकार, एक पटकथाकार आणि एक संपादक. शुल्क १२,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १४,१६० रुपये. तीस जणांना प्रवेश आहे. पत्रकात ‘तज्ज्ञांचे व्यक्तिगत मार्गदर्शन’ आणि ई-प्रमाणपत्र असे लिहिले आहे. प्रमाणपत्राचे मला काही अप्रूप नाही.

मी हिशेबाच्या धंद्यातली असल्यामुळे सरळ विचारते. अशा वर्गातून असे काय मिळते, जे पुस्तके वाचून किंवा युट्यूबवर फुकट ऐकून मिळत नाही? आणि दुसरे म्हणजे, इंग्रजीतून शिकवले जाणारे जे जगप्रसिद्ध अभ्यासक्रम आहेत, त्यांचा मराठीत लिहिणाऱ्या माणसाला कितपत उपयोग होतो? ज्यांनी असे वर्ग स्वतः केले आहेत, त्यांनी कृपया अनुभवावरून सांगावे.

थेटबोल्या (नागपूर)

मी असा एकही वर्ग केलेला नाही, तरी सांगतो. लिहिणे शिकवून येत नाही. चौदा हजारांत गावातल्या ग्रंथालयाची कितीतरी वर्षांची वर्गणी भरून होईल आणि उरलेल्या पैशांत दरवर्षी आठ-दहा दिवाळी अंक विकत घेता येतील. तुकोबांनी कुठल्या वर्गात नाव घातले होते? वाचा आणि लिहा. मधल्या दलालांची गरज नाही.

जुना टपालवाला (पुणे)

थेटबोल्या यांचे म्हणणे मी तरुणपणापासून ऐकत आलो आहे आणि ते अर्धेच खरे आहे, असे माझे मत झाले आहे. तुकोबांचे नाव या वादात हटकून येते, परंतु त्यांच्यासमोर नामदेवांपासूनची अभंगांची परंपरा होती आणि म्हटलेला अभंग तत्काळ ऐकणारे, त्यावर माना डोलावणारे किंवा न डोलावणारे लोक होते, हे आपण सोयीस्करपणे विसरतो. तंत्र शिकवता येते की नाही हा वाद मराठीला नवा नाही. ना. सी. फडक्यांनी १९३१ मध्ये ‘प्रतिभासाधन’ लिहून कथा-कादंबरीच्या रचनेची उघडपणे चर्चा केली, तेव्हापासून त्यांच्या तंत्राची टिंगल करणाऱ्यांच्याही दोन-तीन पिढ्या होऊन गेल्या.

दुरून शिकणेही नवे नाही. पूर्वी ते टपालाने होत असे. ‘सत्यकथा’ मासिकाचे श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन हे संपादक आलेली कथा नुसती घेत किंवा नाकारत नसत. कथेत कुठे ढिलेपणा आहे, कोणता प्रसंग उपरा वाटतो, हे लेखकाला पत्राने कळवून ते कथा पुन्हा लिहून घेत, आणि नावारूपाला आलेल्या कित्येक लेखकांची घडण या पत्रव्यवहारातून झाली. त्या काळी या शिकवणीचे शुल्क म्हणजे दोन्ही बाजूंची टपाल तिकिटे एवढेच होते. १९८२ मध्ये ते मासिक बंद पडले. त्यानंतर वेळ काढून कथा वाचणारे, पेन्सिल हातात घेऊन वाचणारे संपादक मराठीत राहिलेच नाहीत असे नाही, परंतु नवख्या माणसाच्या वाट्याला ते क्वचितच येतात. तुमच्या साभार परत आलेल्या कथांसोबत एकच वाक्य आले, याचे कारण तिथेच आहे. ऑनलाइन वर्गांनी जी जागा घेतली आहे ती या रिकाम्या खुर्चीची आहे, असे मला वाटते.

माझ्यापुरते सांगतो. १९७८ मध्ये मी एका मासिकाकडे पाठवलेली कथा परत आली, तेव्हा तिच्यातल्या तीन परिच्छेदांच्या समासात पेन्सिलीने एकच प्रश्न तीनदा लिहिलेला होता: ‘हे कोण पाहते आहे?’ मी आठ दिवस घुश्शात होतो. नवव्या दिवशी कथा उघडली, तेव्हा लक्षात आले की एका लहान मुलाच्या तोंडून सांगितलेल्या कथेत मी त्याच्या आईच्या मनातले विचार, शेजारच्या खोलीतले संभाषण आणि गावाचा इतिहास असे सर्व काही घुसडले होते. त्या चार शब्दांतून (आणि प्रश्नचिन्हातून) मी जे शिकलो, ते पुढे वाचलेल्या कुठल्याही पुस्तकात मला तितके लख्ख सापडले नाही. पुस्तकांत ते लिहिलेले नव्हते असे नव्हे. पुस्तकांत ते माझ्या कथेबद्दल लिहिलेले नव्हते.

एक धोका मात्र सांगून ठेवतो. जाणकाराची अभिरुची हा पुढे साचाही होऊ शकतो. त्याच ‘सत्यकथे’विरुद्ध साठच्या दशकाच्या अखेरीस लघुअनियतकालिकांतले, म्हणजे स्वतःच काढलेल्या छोट्या, अनियमित अंकांतून लिहिणारे तरुण उभे राहिले आणि त्यांनी तिचा अंक जाळला, कारण त्यांना जे जीवन लिहायचे होते, त्याला त्या अभिरुचीत जागा नाही असे त्यांना वाटत होते. म्हणून शिकवणाऱ्याचे नाव किती मोठे आहे यापेक्षा तो तुमच्या कथेवर काय खुणा करणार आहे, आणि त्या खुणा तुम्हाला तुमच्या कथेकडे नेतात की त्याच्या, हे पाहावे.

खर्डेघाशी (नाशिक)

मी इंग्रजी अभ्यासक्रम केला आहे, त्यामुळे दुसऱ्या प्रश्नाबद्दल लिहिते. कोर्सेरा या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावर अमेरिकेतील वेस्लेयन विद्यापीठाची सर्जनशील लेखनाची मालिका आहे: कथानक, पात्र, स्थळ व वर्णन आणि शैली असे चार स्वतंत्र अभ्यासक्रम आणि शेवटी एक मोठे लेखन. ब्रँडो स्कायहॉर्स आणि एमी ब्लूम यांच्यासारखे प्रत्यक्ष लिहिणारे लोक त्यात शिकवतात. व्याख्याने लहान आणि नेमकी आहेत. परंतु आपण लिहिलेला तुकडा शिकवणारे वाचत नाहीत. तो आपल्यासारखेच इतर विद्यार्थी वाचतात आणि दिलेल्या निकषांनुसार शेरे लिहितात, तसेच आपल्यालाही त्यांचे तुकडे तपासावे लागतात. हजारो विद्यार्थी असल्यावर दुसरे काही शक्यच नाही. तेव्हा ‘तज्ज्ञ शिकवतात’ हे खरे आणि ‘तज्ज्ञ वाचतात’ हे खोटे, ही गोष्ट पैसे भरण्यापूर्वीच समजून घ्यावी.

मला फायदा झाला तो दोन ठिकाणी. शब्दमर्यादा आणि एखादी अट घालून लिहायला लावतात, त्यामुळे ‘सुचेल तेव्हा लिहीन’ ही माझी जुनी पळवाट बंद झाली. आणि दुसऱ्याचे पाच-सहा तुकडे तपासल्यावर आपल्या लेखनातले दोष अचानक दिसू लागतात. स्वतःच्या पदार्थातले जास्तीचे मीठ आपल्याला कळत नाही, दुसऱ्याच्या घरी जेवताना लगेच कळते, तसे काहीसे ते आहे.

तोटा झाला तो भाषेत. कथा इंग्रजीतच द्यावी लागत असल्यामुळे मी माझी एक जुनी मराठी कथा स्वतःच इंग्रजीत उतरवली. कथेत एक वाक्य होते, ‘वहिनी त्या दिवशी मागच्या दाराने आत आली.’ साठ-सत्तर वर्षांपूर्वीचे घर, दुपारची वेळ, पुढच्या ओसरीवर बसलेली सासू; मराठी वाचकाला ‘त्या दिवशी’ या दोन शब्दांत सारे कळते. माझे परदेशी वाचक मात्र विचारू लागले की तिला पुढच्या दाराने यायला काय हरकत होती. म्हणून मी विटाळ, तीन दिवस बाहेर बसणे, सोवळे यांचा खुलासा करणारी चार वाक्ये घातली. गुण चांगले मिळाले. काही महिन्यांनी मी पुन्हा मराठीत लिहायला बसले, तर ही चार वाक्ये माझ्या मागोमाग मराठीत आली! आपल्याच माणसांना आपले घर पाहुण्यासारखे दाखवत सुटायची ही खोड मोडायला मला वर्षभर लागले. म्हणून माझे मत असे की इंग्रजी अभ्यासक्रमांतून रचनेचा विचार जरूर घ्यावा, पण कथा तपासून घ्यायची ती मराठी वाचणाऱ्याकडूनच. इग्नू या मुक्त विद्यापीठाची सर्जनशील लेखनाची पदविका आहे, तीही मराठी लेखनाची नाही, एवढे जाता जाता नोंदवते, कारण तिच्याबद्दल पुष्कळांचा गैरसमज असतो.

तुमच्या वर्गाचा हिशेब करू या. आठ रविवार गुणिले दोन तास म्हणजे सोळा तास. त्यातला निम्मा वेळ व्याख्यानात गेला असे धरले, तर उरतात ४८० मिनिटे, आणि ती तीस जणांत वाटली तर प्रत्येकाच्या वाट्याला सोळा मिनिटे येतात. सोळा मिनिटांत एका कथेवर बोलणे होऊ शकते, पण कथा आधी वाचून आलेला माणूस असेल तरच. म्हणून संस्थेला स्पष्ट विचारा की प्रत्येक विद्यार्थ्याच्या किती कथा वाचल्या जातील, त्या तिघांपैकी कोण वाचेल की एखादा सहायक वाचेल, शेरे लेखी मिळतील की तोंडी, आणि शेऱ्यांनंतर पुन्हा लिहिलेला खर्डा कुणी पाहणार आहे का. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ असेल तर १४,१६० रुपये महाग नाहीत, असे मी म्हणेन. ‘वेळ मिळाल्यास’ असे उत्तर आले तर समजून जा.

दूरदेशी (टोरांटो)

खर्डेघाशी यांनी केलेली ऐकण्याची आणि वाचले जाण्याची फोड फार महत्त्वाची आहे. तिला दुजोरा देणारे एक उदाहरण देतो. ब्रँडन सँडरसन हा अमेरिकेतला अत्यंत लोकप्रिय अद्भुतकथाकार ब्रिगहॅम यंग विद्यापीठात लेखन शिकवतो. त्याच्या २०२० च्या वर्गाची व्याख्याने युट्यूबवर पूर्णपणे फुकट आहेत, कुणीही ऐकावीत. परंतु त्याच अभ्यासक्रमातला जो भाग विद्यार्थ्यांचे लेखन तपासण्याचा आहे, त्यात पंधराच जण घेतले जातात आणि तेही लेखनाचा नमुना पाहून. म्हणजे त्याने स्वतःच काय उधळायचे आणि काय जपायचे हे ठरवून टाकले आहे. याउलट २०१५ मध्ये सुरू झालेल्या मास्टरक्लास या चित्रित धड्यांच्या संकेतस्थळावर जेम्स पॅटरसनपासून मार्गारेट अॅटवुडपर्यंत मोठमोठी मंडळी आहेत, सुरुवातीला एका वर्गाचे ९० डॉलर घेत असत, चित्रीकरण डोळ्यांचे पारणे फेडणारे आहे. पण तिथे पॅटरसनसाहेब तुमची कथा वाचायला बसत नाहीत. मी वर्षभराची वर्गणी भरली होती. स्वयंपाकाचे धडेच जास्त पाहिले, हे कबूल करतो.

कथा तपासण्याची जी पद्धत आज ऑनलाइन वर्गांतही सर्रास वापरली जाते, ती आयोवा विद्यापीठात १९३६ मध्ये सुरू झालेल्या लेखन कार्यशाळेमुळे रूढ झाली. सर्वांनी कथा आधी वाचून यायचे, मग तिच्यावर बोलायचे आणि तोपर्यंत लेखकाने तोंड मिटून ऐकायचे. याच विद्यापीठात १९६७ पासून आंतरराष्ट्रीय लेखन कार्यक्रमही आहे. आपले दिलीप चित्रे १९७५ ते १९७७ या काळात तिथे होते. त्या कार्यक्रमाने २०१४ पासून कविता आणि कथा यांचे ऑनलाइन अभ्यासक्रम जगभरातल्या लोकांसाठी फुकट चालवले. लेखकाने गप्प बसण्याच्या नियमावर अलीकडे बरीच टीका होते, कारण वर्गातल्या बहुसंख्यांना ज्याचे जग ठाऊक नाही त्या लेखकाने खुलासाही करायचा नाही, हे अन्यायाचे आहे. वहिनीच्या मागच्या दाराचा किस्सा नेमका त्याच जातीचा आहे. पण वाचणारे सारे आपल्याच भाषेतले असतील, तर हा नियम मला अजूनही उपयोगी वाटतो. कथेत जे उतरले नाही ते लेखक तोंडाने सांगू लागतो आणि ऐकणारे भिडेखातर ‘हां हां, आता कळले’ म्हणतात. कथा मात्र होती तिथेच राहते.

मराठी गटांमधली खरी अडचण ही भीडच आहे. करोनाच्या काळात मी दोन मराठी ऑनलाइन गटांत होतो. कथा वाचून झाली की ‘ताई, अप्रतिम’, ‘डोळ्यांत पाणी आले’, ‘ओघवती शैली’ अशा ओळी येत आणि दहा मिनिटांत सभा विसर्जित होई. शेवटी आम्ही पाच जणांनी वेगळा गट केला: सांगली, बडोदा, गोवा, पुणे आणि मी. ‘छान’ हा शब्द उच्चारायचा नाही, एवढा एकच नियम ठेवला. ज्याला कथा आवडली त्याने कुठल्या वाक्यापाशी आवडली ते सांगायचे. ज्याला कंटाळा आला त्याने कुठल्या वाक्यापाशी आला ते सांगायचे. झूमची फुकट बैठक चाळीस मिनिटांत आपोआप बंद पडते, म्हणून एका रविवारी एकच कथा, आणि ती आठ पानांच्या आत. भारतातले रात्रीचे साडेआठ म्हणजे माझे सकाळचे अकरा. हिवाळ्यात इकडची घड्याळे मागे जातात, तेव्हा दहा. गेली चार वर्षे हे चालू आहे. यात पुरस्कारप्राप्त कुणी नाही, तरी माझ्या तीन कथा या गटात वाचून, झोडपून, पुन्हा लिहून मग छापून आल्या.

गटात जे मिळत नाही ते तज्ज्ञाकडे मिळते, हेही मान्य केले पाहिजे. आम्हाला कथा कुठे लंगडते ते कळते, पण कोणते हाड सरकले आहे ते पुष्कळदा कळत नाही. अनुभवी संपादकाला ते दोन परिच्छेदांत दिसते.

निळी शाई (बार्शी)

सर्वांचे मनापासून आभार. संस्थेला खर्डेघाशी यांचे चारही प्रश्न लिहून पाठवले आहेत. तोवर, टपालवाले काका, तुमची हरकत नसेल तर माझ्या एका साभार परत आलेल्या कथेचा पहिला परिच्छेद इथे देते. कथा बँकेतल्याच मुलीच्या तोंडून सांगितलेली आहे. नोव्हेंबरमध्ये निवृत्तिवेतनधारकांची यादी कोषागाराकडून येते आणि हयात असल्याची खूण म्हणून प्रत्येकाने आपल्या नावापुढे सही किंवा अंगठा करायचा असतो, ती पार्श्वभूमी आहे.

‘नोव्हेंबर महिन्यातली ती एक प्रसन्न सकाळ होती. बँकेत निवृत्तिवेतनधारकांची प्रचंड गर्दी उसळली होती. रांगेत उभे असलेले म्हातारे मैलकामगार अतिशय हताश आणि केविलवाणे दिसत होते. आयुष्यभर रस्त्यांवर काबाडकष्ट उपसल्यामुळे त्यांच्या हातांवरच्या रेषा पूर्णपणे झिजून गेल्या होत्या. आपण जिवंत आहोत हे सिद्ध करण्यासाठी आणखी किती वेळा अंगठा द्यावा लागणार, असा विषण्ण करणारा प्रश्न त्यांच्या मनाला ग्रासून टाकत होता.’

जुना टपालवाला (पुणे)

हरकत कसली? पण भीड ठेवणार नाही, हे आधीच सांगतो.

माझा प्रश्न तोच आहे: हे कोण पाहते आहे? कथा काउंटरवरची मुलगी सांगते आहे असे तुम्ही म्हणता. वर्षभरातल्या सर्वांत गर्दीच्या दिवशी सकाळी त्या मुलीला ‘प्रसन्न सकाळ’ दिसेल का? ती सकाळ तुमच्या शाळेच्या निबंधाच्या वहीतून आलेली आहे. तिला परत पाठवा. ‘हताश’, ‘केविलवाणे’ आणि ‘विषण्ण’ या तीन विशेषणांनी तुम्ही वाचकाच्या आधी स्वतःच रडून घेतले आहे, मग त्याच्यासाठी काय उरले? शेवटच्या वाक्यात तुम्ही थेट म्हाताऱ्याच्या मनात शिरलात, आणि तिथे तो मैलकामगार अग्रलेखाच्या भाषेत विचार करतो आहे. ज्याने डांबर आणि खडीत उभा जन्म काढला, तो ‘सिद्ध करण्यासाठी’ म्हणेल का? तो काही म्हणालाच असेल तर काय म्हणाला, हे तुम्ही ऐकलेले आहे. मी ऐकलेले नाही.

सर्वांत मोठा तोटा चौथ्या वाक्याने केला आहे. रेषा झिजल्या होत्या, ही तुमच्या कथेतली सर्वांत मोलाची गोष्ट. ती तुम्ही कारणासकट, आधीच, वर्तमानपत्री बातमीसारखी सांगून टाकलीत. ती कुणाला, कशी, केव्हा कळते तेच तर कथा आहे. अठरा वर्षे तुम्ही त्या काउंटरवर आहात. अंगठा कसा घेता? म्हातारा स्वतः टेकवतो की तुम्ही त्याचे बोट धरता? शाईचे पॅड कसे असते? कागदावर काय उमटते? अंगठा घेऊन झाल्यावर तो हाताला लागलेल्या शाईचे काय करतो? या प्रश्नांची उत्तरे मला पत्राने कळवू नका. परिच्छेद पुन्हा लिहा.

थेटबोल्या (नागपूर)

टपालवाले काका, तुम्ही आता जे केले ते शिकवणेच झाले, हे मला मान्य करावे लागते. पण तुम्ही चौदा हजार मागितले नाहीत, हेही नोंदवून ठेवतो.

निळी शाई (बार्शी)

काल रात्री तीनदा लिहिले. हा तिसरा खर्डा आहे.

‘यादीत त्यांचे नाव सत्तेचाळिसावे होते. पॅड सकाळपासून वाळत चालले होते, म्हणून त्यावर बाटलीच्या झाकणाने थोडे पाणी टाकले. त्यांचा अंगठा धरून पॅडवर दाबला आणि नावापुढच्या चौकटीत टेकवला. कागदावर निळा गोल डाग उमटला. त्यात रेषा एकही नव्हती. पुन्हा दाबला, थोडा फिरवून टेकवला. पुन्हा तसाच डाग. “तीस वरीस खडी वडली, ताई,” ते म्हणाले, “रेघा कुटं ऱ्हात्यात?” रांगेतून कुणीतरी घाई करू लागले. त्यांनी अंगठा डोक्याच्या केसांना पुसला आणि टोपी घातली.’

जुना टपालवाला (पुणे)

केसांना पुसलेला अंगठा मला पुण्यात बसून कधीही सुचला नसता. आता एकच गोष्ट. ‘त्यात रेषा एकही नव्हती’ हे तुमचे वाक्य आणि ‘रेघा कुटं ऱ्हात्यात’ हे त्यांचे वाक्य एकच काम करतात. दोघांपैकी एकाला घरी पाठवावे लागेल. कुणाला, ते तुम्ही ठरवा.

निळी शाई (बार्शी)

माझे वाक्य काढले. आता म्हातारा बोलेपर्यंत वाचकाला फक्त निळा डाग दिसतो, आणि मुलगी पुन्हा का दाबते आहे याचा त्याला थोडा वेळ प्रश्न पडतो.

संस्थेचे उत्तर आज आले. प्रत्येकाची एक कथा वाचली जाईल, शेरे तोंडी मिळतील, आणि सुधारित खर्ड्याबद्दल ‘वेळेच्या उपलब्धतेनुसार’ असे लिहिले आहे. त्यामुळे या खेपेला प्रवेश घेत नाही. त्यांच्याकडच्या संपादकबाईंकडे एखादी कथा स्वतंत्रपणे, शुल्क देऊन वाचायला देता येईल का, असे मात्र विचारले आहे. त्याचे उत्तर यायचे आहे.

दूरदेशी, तुमच्या गटात सहाव्या माणसाला जागा आहे का? ही पूर्ण कथा नऊ पानांची आहे.

दूरदेशी (टोरांटो)

जागा आहे. येत्या रविवारी, तुमचे रात्रीचे साडेआठ. पण आधी एक पान कमी करून आणा. चाळीस मिनिटांत नऊ पाने बसत नाहीत.